अंडं खावं, बलकासकट

शहरातल्या कुठल्याही बऱ्या चाललेल्या व्यायामशाळेजवळ संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांची एक हातगाडी हमखास उभी असते. गिऱ्हाइकं सहा-सहा, आठ-आठ अंडी सांगतात. गाडीवाला ती सोलतो, मधोमध चिरतो, बलक काढून खालच्या डब्यात टाकतो आणि उरलेल्या पांढऱ्या वाट्यांवर काळं मीठ, मिरपूड भुरभुरवून देतो. दंड भरायला प्रथिनं हवीत, कोलेस्टेरॉल नको, असा त्यामागचा हिशोब. हा हिशोब पन्नासेक वर्षं जुना आहे आणि त्यातला बराचसा भाग तो मांडणाऱ्यांनीच नंतर मागे घेतला आहे. डब्यातले पिवळे गोळे मात्र कमी झालेले नाहीत.

अंड्याच्या बाजूने किंवा विरुद्ध जे काही बोललं गेलं, ते मुख्यतः या बलकाबद्दलच. पांढऱ्याशी कुणाचं भांडण नव्हतं.

सुरुवात सशांपासून झाली. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह या संशोधकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात मिसळून शुद्ध कोलेस्टेरॉल चारलं. सशांच्या रोहिण्यांमध्ये चरबीचे थर साचले. कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांचं नातं दाखवणारा हा मोलाचा प्रयोग होता. पण ससा पाला खाणारा प्राणी. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे ते आलं की काय करायचं याची त्याच्या शरीराला सवय नाही. माणसाचं तसं नाही. आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि ताटातून जास्त आलं, तर बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती कमी होते. बहुतेकांच्या म्हणायचं कारण असं, की काही लोकांच्या बाबतीत हा तोल तितकासा साधत नाही आणि आहारातल्या कोलेस्टेरॉलबरोबर त्यांच्या रक्तातलंही वाढतं.

एवढा बारकावा लोकांपर्यंत पोचणं कठीणच होतं. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक अशी मर्यादा घालून दिली. १९८४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि खाली वळलेल्या बेकनचं तोंड असा रडका चेहरा झळकला. एका मोठ्या अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं बलकात. त्यामुळे दोन अंडी खाल्ली, की दिवसाची मर्यादा ओलांडली. पुढे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या सल्ल्यातही हेच उतरलं. पन्नाशी गाठलेल्या माणसाला पहिली सूचना मिळू लागली ती ‘पिवळं बंद करा’ अशी. तळलेले बटाटेवडे आणि वनस्पती तुपातली बिस्किटं यांच्याबद्दल इतकी तत्परता क्वचितच दिसली.

दरम्यान, १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक अजब नोंद छापून आली. अमेरिकेतले एक ८८ वर्षांचे गृहस्थ वर्षानुवर्षं रोज पंचवीसेक अंडी खात होते आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल सर्वसाधारण होतं. तपासणीत दिसलं, की त्यांचं शरीर आतड्यातून फारच थोडं कोलेस्टेरॉल शोषून घेत होतं आणि आलेलं पित्ताम्लांच्या रूपाने झपाट्याने बाहेर टाकत होतं. एका माणसावरून नियम निघत नाही, पण शरीर हा मुकाट्याने भरली जाणारी टाकी नव्हे, हे त्यातून चांगलं कळलं.

मग मोठे अभ्यास आले. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना निरोगी माणसांत रोज एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. मधुमेह असलेल्यांत मात्र तो वाढलेला दिसला. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा गळाली. २०१८ मध्ये चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत रोज अंडं खाणाऱ्यांना मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका उलट कमी आढळला. २०१९ मध्ये पुन्हा वारं फिरलं. अमेरिकेतल्या जवळपास तीस हजार लोकांच्या माहितीवरून असा निष्कर्ष आला, की रोजच्या खाण्यात अर्धं अंडं वाढलं, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सहा टक्क्यांनी वाढतो. यातली मेख अशी, की या लोकांना काय खाता हे एकदाच, सुरुवातीला, विचारलं होतं आणि पुढची सतरा-अठरा वर्षं ते तसंच खात राहिले असं धरलं होतं. पुढच्याच वर्षी हार्वर्डने दोन लाखांवर लोकांचा आहार पुन्हापुन्हा विचारून केलेला, तीन दशकांचा अभ्यास मांडला. त्यात रोज एका अंड्याने धोका वाढलेला दिसला नाही. पन्नास देशांतल्या पावणेदोन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करणारा निबंधही २०२० चाच. त्याचंही उत्तर तेच.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. अमेरिकेत अंडं बेकन, सॉसेज आणि लोण्याच्या पावासोबत खाल्लं जातं. दोष अंड्याचा की सोबतीचा, हे वेगळं काढणं अवघड. शिवाय या क्षेत्रात पैसा कुणाचा, हेही पाहावं लागतं. नाश्त्याला अंडी खाल्ल्याने वजन लवकर उतरतं, असं सांगणाऱ्या २००८ च्या गाजलेल्या प्रयोगाला अमेरिकेतल्या अंडी व्यवसायाच्या संस्थेचा आधार होता. मधुमेहींना आठवड्याला बारा अंडी देऊन तीन महिन्यांत रक्तातल्या चरबीवर वाईट परिणाम झाला नाही, असं दाखवणाऱ्या सिडनीच्या प्रयोगालाही ऑस्ट्रेलियातल्या अशाच संस्थेने पैसे पुरवले होते. म्हणून ते खोटे ठरत नाहीत. पण अशा प्रयोगांवर डोळे मिटून विसंबू नये.

तर आज हाती काय उरतं? निरोगी माणसाने रोज एक अंडं बलकासकट खायला हरकत नाही, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१९ मध्ये तसंच म्हटलं. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या घराण्यात लहान वयात हृदयविकार येतो किंवा ज्यांचं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल (एलडीएल) औषधांनीही आटोक्यात येत नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून आकडा ठरवावा. रोज आठ-दहा बलक खाणाऱ्यांबद्दल मात्र कुठलाही अभ्यास छातीठोकपणे काही सांगत नाही.

बलक टाकला तर जातं काय? साधारण पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास बलकातच असतात. म्हणजे ज्या प्रथिनांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचाच मोठा वाटा डब्यात जातो. जीवनसत्त्वं अ, ड आणि ई, बी-१२ चा बहुतेक भाग, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटिन आणि झिॲझँथिन ही रंगद्रव्यं, हे सारं पिवळ्यात. कोलीनही तिथलंच. मेंदू आणि यकृत यांना लागणारं, गरोदरपणात विशेष महत्त्वाचं असं हे द्रव्य एका अंड्यातून दीडशे मिलिग्रॅमच्या जवळपास मिळतं. रोजच्या वरण-भात-पोळी-भाजीत त्याची एवढी दाटी नसते. बी-१२ वनस्पतीजन्य पदार्थांत जवळजवळ नसतंच. त्यामुळे दूध बेताचंच पिणाऱ्या, मांस-मासळी न खाणाऱ्या पण अंड्याला हरकत नसलेल्या घरांना त्याचा मोठा आधार आहे. पांढऱ्यात प्रथिनं, रायबोफ्लेविन आणि भरपूर पाणी. वाईट काहीच नाही, पण अंड्याची खरी दौलत तिथे नाही.

कौतुक करताना उणं काय तेही सांगायला हवं. अंड्यात तंतू नाहीत, क जीवनसत्त्व नाही. कॅल्शियमचा बहुतेक साठा कवचात, आत फार थोडं. लोह बलकात असतं खरं, पण ते तिथल्याच एका प्रथिनाला असं घट्ट धरलेलं असतं, की शरीराला त्याचा फारसा लाभ होत नाही. रक्त वाढवायला म्हणून अंडं खाणाऱ्यांनी सोबत लिंबू पिळलेली उसळ किंवा पालेभाजी घ्यावी. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. एका अंड्यातून मिळणारं ड दिवसाच्या गरजेच्या दहाव्या हिश्श्याएवढंही भरत नाही.

कच्चं अंडं दुधात घालून पिण्याची तालमीतली जुनी रीत तर सरळ तोट्याची आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात १९९८ मध्ये मोजक्या लोकांवर एक काटेकोर प्रयोग झाला. त्यात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली ५१ टक्केच. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं आणि साल्मोनेला जंतूंची टांगती तलवार असतेच. उकडल्यावर हे तिन्ही प्रश्न मिटतात.

गावठी की पोल्ट्रीचं, हा वाद महाराष्ट्रात कधी संपणार नाही. चवीचा कौल ज्याचा त्याला. पोषणाच्या बाबतीत कवचाच्या रंगाला काडीचं महत्त्व नाही. तो कोंबडीच्या जातीवर ठरतो. बलकाचा रंग तिने काय खाल्लं त्यावर. मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात असला, की बलक केशरी होतो. तेवढ्याने तो अधिक पौष्टिक होत नाही. मोकळं फिरून किडे-पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काही घटक वाढतात हे खरं, पण गावठी अंडं आकाराने लहान असतं, हेही हिशोबात धरायला हवं. कडकनाथच्या अंड्यांचा बोलबाला याहून मोठा. काळ्या कोंबडीच्या या आकर्षणापायी इस्लामपूर परिसरातून सुरू झालेल्या एका गुंतवणूक योजनेत हजारो शेतकऱ्यांनी हात पोळून घेतले, हे २०१९ मध्ये उघड झालं.

भीतीच्या लाटाही येऊन गेल्या. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि राज्यभर अंड्यांचा खप कोसळला. नीट शिजवलेल्या अंड्यातून हा विषाणू येत नाही, सत्तर अंशांना तो मरतो, हे तेव्हाही सांगितलं गेलं. ऐकलं कमी जणांनी. २०१७ मध्ये कोलकात्यातून ‘प्लॅस्टिकच्या अंड्यां’ची आवई उठली. पाच-सात रुपयांना विकायचं अंडं प्लॅस्टिकमधून, कवच-पापुद्रा-बलकासह घडवायला किती खर्च येईल, याचा विचार अफवा पुढे ढकलणाऱ्यांनी केला नसावा.

आता उरलेल्या उकडलेल्या अंड्यांकडे. पाहुणे येणार म्हणून डझनभर उकडायची आणि चार उरायची, हे घरोघरी घडतं. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी तर ट्रेमधली सगळी एकदम उकडण्याचा सपाटा असतो. इथे एक घोटाळा नेहमीचा आहे. कच्ची अंडी आपण ओट्यावरच्या जाळीत आठवडाभर ठेवतो, म्हणून उकडलेलीही तिथेच ठेवली जातात. प्रत्यक्षात गणित उलटं आहे. कच्च्या अंड्याच्या कवचावर एक अदृश्य लेप असतो; तो कवचाची सूक्ष्म छिद्रं बुजवून जंतूंना अडवतो. उकळत्या पाण्यात तो जातो. आतल्या पांढऱ्यातली जंतुरोधक प्रथिनंही उष्णतेने निकामी होतात. म्हणून उकडलेलं अंडं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. विदर्भातल्या वैशाखात सकाळी डब्यात घातलेलं अंडं दुपारी दोनला खाणं म्हणजे जुगार. फ्रिजमध्ये कवचासकट ते आठवडाभर टिकतं. सोललेलं झाकणाच्या डब्यात ठेवून लवकर संपवावं. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. बलकाला फारसं काही होत नाही, पण पांढरं रबरासारखं होऊन पाणी सोडतं. अख्खं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं तर धोक्याचंच: आत कोंडलेली वाफ ते फोडते, कधीकधी तोंडात घातल्यावर.

बलकाभोवती दिसणारी हिरवट-करडी कडा पाहून अनेक जण अंडं फेकून देतात. ती नासल्याची खूण नाही. जास्त वेळ उकळल्यावर पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन लोहाचं सल्फाइड बनतं, एवढंच. खायला ते निर्धोक. दहा-बारा मिनिटांत आच बंद करून अंडी लगेच गार पाण्यात टाकली, तर ही कडा येत नाही. ताजं अंडं सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात, त्यालाही कारण आहे: अंडं जुनं होत जातं तसा आतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो, पांढरं अधिक अल्कधर्मी होतं आणि पापुद्र्याला कमी चिकटतं. उकडायला आठवडाभर जुनी अंडीच बरी.

शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आणि शिळ्या भाताला फोडणी देणाऱ्या मराठी स्वयंपाकघराला उरलेलं अंडं अडचणीचं वाटावं, याचं नवल वाटतं. फोडणीच्या पोळीत कांदा परतून झाला, की शेवटी किसलेलं अंडं आणि वरून कोथिंबीर. पोरांच्या डब्याचं काम झालं. अंड्याची खरी किमया बघायची तर सुरतेला जावं. तिथला घोटाला उकडलेली अंडी किसून, हिरव्या लसणीच्या मसाल्यात लोण्यावर परतून करतात आणि त्यात वरून एक अर्धकच्चं अंडं फोडून कालवतात. घरी ते वरचं अंडं पूर्ण शिजू द्यावं, चव फार बिघडत नाही. कोलकात्याचं डिमेर डेव्हिल म्हणजे उकडलेल्या अंड्याला खिम्याचं किंवा बटाट्याचं आवरण देऊन, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला गोळा. चविष्ट आहे, मात्र पोषणाच्या गप्पा मारत ते खाऊ नये. केरळी मुट्टा रोस्टमध्ये भरपूर कांदा मंद आचेवर तपकिरी होईतो परततात आणि अंडी शेवटी घालतात. आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्श्यालाही हाच नियम. अंड्याला चिरा पाडाव्यात, हळद-तिखटाच्या तेलात ते जरा लालसर करावं आणि रश्श्यात सोडून एकच उकळी आणावी. आधीच उकडलेलं अंडं पुन्हा अर्धा तास रटरटत ठेवलं, की ते दाताखाली करकरतं.

चीन आणि तैवानमध्ये उकडलेल्या अंड्यांची कवचं हलकेच तडकवून ती चहा, सोया सॉस आणि चक्रीफुलाच्या पाण्यात पुन्हा मंद शिजवतात. सोलल्यावर पांढऱ्यावर संगमरवरासारखी नक्षी उमटते. हा प्रकार आपल्याकडे सहज जमण्यासारखा आहे. सामान घरातच असतं. अंड्याचं लोणचं घालायचं असेल, तर व्हिनेगरमध्ये बुडवलेली बरणी फ्रिजमध्येच ठेवायची. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका गृहस्थाने अंड्यांना टोचे मारून घातलेलं लोणचं बाहेर ठेवलं आणि बॉट्युलिझमसारखी जीवघेणी विषबाधा ओढवून घेतली. कैरीचं लोणचं बाहेर टिकतं, म्हणून अंड्याचंही टिकेल असं नाही.

आणि ज्यांना पांढरंच खायचं आहे, त्यांनी बलक निदान घरी तरी आणावेत. उकडलेला बलक वाटणात घातला, की रस्सा काजूविना दाट होतो. चक्का, मोहरीची पूड, मिरी आणि कुस्करलेला बलक एकत्र केला, की सँडविचला मेयोनीज लागत नाही. पराठ्याच्या सारणात, शेंगदाण्याच्या चटणीत तो मुरून जातो.

उरलेल्या अंड्याचं काय करायचं, हा प्रश्न पडणारी घरं सुखवस्तू म्हणायची. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंडी झाली. माणशी वाटा आला वर्षाला १०३ अंड्यांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस १८० ची आहे. तीही सरासरी. व्यायामशाळेतला तरुण आठवड्याला जेवढी अंडी फस्त करतो, तेवढी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलाला महिन्यातही दिसत नसतील. अंड्यांच्या भावाचं देशव्यापी गणित मांडणाऱ्या, १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि त्याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालची दर शंभरांतली पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत.

एका अंड्याने खुजेपण जातं का? इक्वेडोरमध्ये २०१५ साली सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुजेपणाचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. जगभर आशा पालवल्या. मग मालावीत तोच प्रयोग झाला आणि उंचीवर काहीच परिणाम दिसला नाही. तिथल्या मुलांना तळ्याची मासळी आधीपासून मिळत होती, हे त्याचं एक संभाव्य कारण. याचा अर्थ सरळ आहे: ज्याच्या ताटात प्राणिज प्रथिनं नाहीत, त्यालाच अंड्याचा सर्वाधिक फायदा.

महाराष्ट्राला हे ठाऊक नाही असं नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतल्या मुलांना आठवड्यातून चार दिवस उकडलेलं अंडं किंवा केळी देण्याची सोय झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं. न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवला गेला आणि हवं असल्यास शाळांनी लोकवर्गणीतून भागवावं, असं सांगण्यात आलं. तमिळनाडूत २०१० पासून शाळेच्या जेवणात आठवड्याचे पाचही दिवस अंडं असतं. कर्नाटकाने २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने ते सहा दिवसांवर नेलं. ज्यांना अंडं नको, त्यांच्यासाठी केळ्याची सोय होती आणि ती पुढेही ठेवता येईल. ज्यांना हवं आहे, त्यांचं आठवड्याचं एक अंडं वर्गणीच्या भरवशावर न सोडता राज्याने आपल्या अंदाजपत्रकातून पुन्हा द्यावं.